बाण कुठून निघाला?

खामगावला रजतनगरी म्हणतात. इथल्या चांदीच्या शुद्धतेवर भरवसा ठेवून लांबलांबची गिऱ्हाइके येतात. याच गावातल्या बारावी सायन्सच्या विद्यार्थ्याला चांदी आणखी एका ठिकाणी भेटते, केमिस्ट्रीच्या पुस्तकातल्या बाराव्या प्रकरणात. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणापासून अमोनिया वापरून टॉलेन्स रिएजंट तयार करायचे, त्यात अल्डिहाइड घालायचे आणि परीक्षानळी गरम पाण्यात धरायची. थोड्या वेळात काचेच्या आतून चांदीचा लखलखीत थर चढतो. साध्या कीटोनने, म्हणजे अ‍ॅसिटोनसारख्याने, तो चढत नाही. इथपर्यंत सगळ्यांना पाठ असते.

मग कुणीतरी विचारतो, ‘फ्रुक्टोज तर कीटोन आहे, तरी ते आरसा कसा देते?’ इथे पाठांतर संपते. टॉलेन्स रिएजंट अल्कधर्मी असते. त्यात फ्रुक्टोजच्या कार्बोनिलशेजारचा एक हायड्रोजन निघतो, मधल्या टप्प्यावर ईनडायॉल बनते आणि त्यातून ग्लुकोज व मॅनोज तयार होतात. या दोन्हींत अल्डिहाइड गट असतो आणि चांदी तोच खाली बसवतो. हे सांगून टाकायला अर्धे मिनिट पुरते. विद्यार्थ्याकडून ते काढून घ्यायचे तर अर्धा तास लागतो. ऑरगॅनिकचा चांगला शिक्षक या अर्ध्या तासात ओळखू येतो. हा अर्धा तास आता मोबाइलच्या पडद्यावरही घडू लागला आहे. तो कसा घडतो आणि कशाने बिघडतो, हे खामगावसारख्या गावातल्या पालकांनी, शिक्षकांनी आणि मुलांनी समजून घ्यायला हवे.

दहावी आणि अकरावीमधली दरी

मराठी माध्यमाची मुले दहावीच्या विज्ञानात ‘कार्बनी संयुगे’ मराठीत शिकतात. अकरावीला तोच विषय इंग्रजीत समोर येतो आणि वेग एकदम वाढतो. अकरावीच्या पुस्तकात चौदावे प्रकरण ऑरगॅनिकच्या मूलतत्त्वांचे आणि पंधरावे हायड्रोकार्बन्सचे. बारावीला दहाव्या प्रकरणापासून हॅलोजन डेरिव्हेटिव्ह्ज, अल्कोहोल आणि फिनॉल, अल्डिहाइड आणि कीटोन, अमाइन, बायोमॉलिक्युल्स अशी रांगच लागते. नीटमध्ये केमिस्ट्रीचे ४५ प्रश्न आणि १८० गुण असतात, चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो. एमएचटी-सीईटीला गुण कापत नाहीत, पण तिथे सगळी लढाई वेळेशी असते.

या परीक्षांसाठी खामगावातली अनेक मुले अकोल्याची वाट धरतात. पन्नासेक किलोमीटरचे अंतर, खोलीचे भाडे, मेस, क्लासची फी, हा हिशेब प्रत्येक घराला झेपत नाही. मुलींच्या बाबतीत तर पैशांची सोय झाली तरी परवानगी मिळतेच असे नाही. घरी बसून, शेजारच्या खोलीतल्या टीव्हीच्या आवाजात, रात्री साडेनऊला अडलेला डाउट विचारायला कुणीतरी हवे असते. ऑनलाइन मदतीची खरी गरज या मुलांना आहे.

एका बाणाची गोष्ट

ऑरगॅनिकमध्ये मुले कुठे अडतात, याचे उत्तर बहुतेक वेळा एका खुणेत सापडते. ती खूण म्हणजे वक्र बाण. १९२२ साली रॉबर्ट रॉबिन्सन आणि विल्यम केरमॅक यांनी अभिक्रियेत इलेक्ट्रॉन कुठून कुठे सरकतात हे दाखवायला वाकडा बाण वापरला. त्यानंतर दोनच वर्षांनी केरमॅक यांची दृष्टी प्रयोगशाळेतल्या स्फोटात गेली, तरीही त्यांनी संशोधन थांबवले नाही. रॉबिन्सन यांना १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

महाराष्ट्राचे या बाणाशी जवळचे नाते आहे. मँचेस्टरला रॉबिन्सन यांच्याकडे शिकलेले कृष्णस्वामी वेंकटरामन पुढे मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे, म्हणजे यूडीसीटीचे, प्रमुख झाले. १९५७ ते १९६६ या काळात ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते आणि त्या पदावर बसलेले पहिले भारतीय होते. बेकर-वेंकटरामन पुनर्रचना या नावाने त्यांची अभिक्रिया जगभरच्या पाठ्यपुस्तकांत शिकवली जाते. त्यांच्यानंतर प्रयोगशाळेची सूत्रे घेणारे बाळ दत्तात्रेय टिळक हेही ऑक्सफर्डला रॉबिन्सन यांचेच विद्यार्थी. रंग आणि औषधे यांच्या रसायनशास्त्रात या मंडळींनी विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या.

नियम एका ओळीचा आहे. बाण इलेक्ट्रॉन असतात तिथून निघतो आणि इलेक्ट्रॉन जातात तिथे पोचतो. तो एकाकी जोडीतून किंवा बंधातून निघेल. नुसत्या हायड्रोजन आयनातून तो कधीच निघणार नाही, कारण तिथे द्यायला इलेक्ट्रॉनच नाहीत. हा नियम अंगात मुरला की शेकडो रिअ‍ॅक्शन वेगवेगळ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

वहीचा एक फोटो

एक नेहमीचे उदाहरण पाहू. २-ब्रोमोब्युटेनवर अल्कोहोलमधल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडची क्रिया केली तर मुख्य पदार्थ कोणता? मुलगी वहीत सोडवते आणि फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते. उत्तर लिहिलेले असते ब्युट-१-ईन. बाण काढलेला असतो हायड्रोजनपासून हायड्रॉक्साइडकडे.

घाईतला शिक्षक ‘चूक, ब्युट-२-ईन’ एवढे लिहून मोकळा होतो. जाणता शिक्षक त्या बाणाभोवती लाल गोल करतो आणि परत पाठवतो, ‘बेटा, हा बाण कुठून निघाला?’ मुलगी विचार करते, खोडते, पुन्हा काढते. या वेळी हायड्रॉक्साइडवरच्या इलेक्ट्रॉनच्या जोडीपासून हायड्रोजनकडे. दुसरा प्रश्न येतो, ‘हायड्रोजन सुटला, त्याच्या बंधातले इलेक्ट्रॉन कुठे गेले?’ मग दुसरा बाण येतो, कार्बन-हायड्रोजन बंधापासून दोन कार्बनांच्या मध्ये. तिथे दुहेरी बंध तयार होताना दिसतो. तिसरा बाण कार्बन-ब्रोमीन बंधापासून ब्रोमीनकडे. तीन बाण पूर्ण झाले की शेवटचा प्रश्न, ‘हायड्रोजन पहिल्या कार्बनावरचा घ्यायचा की तिसऱ्या?’

इथे झेत्सेव्हचा नियम लागतो. कझानच्या अलेक्झांडर झेत्सेव्ह यांनी १८७५ मध्ये तो मांडला. दुहेरी बंधाच्या कार्बनांवर अल्किल गट जास्त, ते अल्कीन अधिक स्थिर आणि तेच जास्त प्रमाणात मिळते. म्हणून ब्युट-२-ईन. ब्युट-१-ईनही थोडे तयार होते, हे सांगायला चांगला शिक्षक विसरत नाही. आणि फोन ठेवण्याआधी तो एक कोडे घालून ठेवतो, ‘अल्कोहोलच्या जागी पाणी असते तर?’ उत्तर ब्युटेन-२-ऑल. पण कारणासकट ते उद्या यायला हवे.

या सगळ्याला पंधरा-वीस निरोप लागतात. त्यात तयार उत्तर एकदाही दिलेले नसते. मुलीच्या वहीत मात्र तीन बाण तिच्याच हाताने उतरलेले असतात. ऑनलाइन मदतीचे सगळे यश या एका गोष्टीत आहे.

फुकट मिळणारी मोठी शिदोरी

चांगली साधने नाहीत म्हणून मुले मागे पडतात, असे आता म्हणता येणार नाही. आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था यांच्या एनपीटीईएल उपक्रमाला २००३ मध्ये सुरुवात झाली. ऑरगॅनिकवरची त्यांची व्याख्याने कुणालाही विनाशुल्क पाहता येतात. ती पदवीच्या पातळीची असली तरी शिक्षकांना आणि हुशार बारावीच्या मुलांना फार उपयोगी आहेत. केंद्र सरकारचे स्वयम हे व्यासपीठ २०१७ पासून सुरू आहे.

आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प खास उल्लेख करावा असा आहे. साधारण दहा मिनिटांचे छोटे व्हिडिओ, मराठीसह भारतीय भाषांतले निवेदन आणि पाहता पाहता स्वतः करून बघण्याची पद्धत. रेणूंची आकृती काढण्यासाठी जीकेमपेंट, त्रिमितीत रेणू उभा करण्यासाठी जेमोल आणि अ‍ॅव्होगाड्रो, ही मोफत सॉफ्टवेअर त्यात शिकवली आहेत. कागदावर सपाट दिसणारा रेणू जेमोलमध्ये बोटाने फिरवला की डावा आणि उजवा रेणू एकमेकांवर का बसत नाहीत, हे क्षणात पटते. स्टिरिओकेमिस्ट्रीत अडलेल्या मुलाला असा फिरणारा रेणू एकदा तरी दाखवावाच.

मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र रसायनशास्त्र ऑलिंपियाडचे काम पाहते. २००१ ची आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र ऑलिंपियाड मुंबईत झाली होती. केंद्राने मागच्या राष्ट्रीय परीक्षांचे प्रश्न उत्तरांसह उपलब्ध केले आहेत. ते प्रश्न कठीण आहेत, पण प्रत्येक प्रश्न एखाद्या खऱ्या पदार्थाची, औषधाची किंवा वनस्पतीतल्या द्रव्याची गोष्ट सांगत पुढे जातो. कुठल्याही संयुगाची रचना तपासायची असेल तर अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा पबकेम हा संग्रह २००४ पासून सर्वांना खुला आहे.

गावातलीच उदाहरणे

शिदोरी मोठी असली तरी तिच्यातली उदाहरणे बहुधा परकी वाटतात. खामगावच्या मुलांसाठी उदाहरणे गावातच आहेत.

इथल्या एमआयडीसीत हिंदुस्तान युनिलिव्हरचा साबणाचा कारखाना आहे. तेलातल्या ट्रायग्लिसराइडवर कॉस्टिक सोड्याची क्रिया केली की साबण आणि ग्लिसरीन मिळते, हे दहावीतल्या मुलालाही माहीत असते. बारावीचा प्रश्न त्यापुढचा आहे. आम्लातले एस्टरचे जलअपघटन उलट फिरते, अल्कलीतले का फिरत नाही? हायड्रॉक्साइड कार्बोनिलच्या कार्बनावर येते, ग्लिसरॉलचा भाग सुटतो आणि तयार झालेले आम्ल लगेच प्रोटॉन गमावून कार्बोक्झिलेट बनते. त्यावरचा ऋण प्रभार दोन ऑक्सिजनांवर वाटला जातो. असा स्थिर आयन परत अल्कोहोलशी जुळत नाही, म्हणून परतीची वाट बंद होते.

दुसरे उदाहरण कापसाचे. जलंब ते खामगाव हा छोटा रेल्वेफाटा १८७० मध्ये कापसासाठीच टाकला गेला. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, ग्लुकोजच्या कड्यांची लांब साखळी. ग्लुकोज आरसा देते, मग सेल्युलोज का देत नाही? कारण अल्डिहाइड होऊ शकणारा कार्बन प्रत्येक कड्यात पुढच्या कड्याशी बांधला गेलेला असतो, मोकळे टोक साऱ्या साखळीला एकच उरते. सरकीत गॉसिपॉल नावाचे पिवळे द्रव्य असते. कोंबड्या आणि डुकरे यांना ते बाधते, रवंथ करणारी मोठी जनावरे ते बऱ्याच अंशी पचवतात. त्याच्या रेणूत एकही कायरल कार्बन नाही, तरी त्याची डावी आणि उजवी रूपे असतात. कारण मधला बंध मोकळेपणी फिरू शकत नाही. ऑलिंपियाडला शोभेल असा हा प्रश्न गोठ्यातल्या सरकीच्या पेंडीशी जोडलेला आहे. शिक्षकांनी असे प्रश्न बनवले तर ‘हे कशाला शिकायचे’ असे मुले विचारणार नाहीत.

धोके

फोटो टाकला की क्षणात पूर्ण उत्तर देणारी अ‍ॅप आता प्रत्येकाच्या फोनमध्ये आहेत. संभाषण करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही आली आहेत. समजावून सांगायला ती मदत करतात, पण रेणूच्या रचनेत आणि बाणांत ती ठामपणे चूकही करतात, आणि शिकाऊ मुलाला ती चूक ओळखता येत नाही. त्याहून मोठे नुकसान वेगळे आहे. पाच मिनिटांत उत्तर वाचलेल्या मुलाला आपल्याला समजले असे वाटते आणि परीक्षेत कोऱ्या कागदासमोर पहिला बाण सुचत नाही.

दुसरी मर्यादा प्रयोगशाळेची. पडद्यावर वास येत नाही, नळी तापत नाही, चुकीचे थेंब पडत नाहीत. टॉलेन्स रिएजंट लागेल तेव्हाच बनवायचे आणि वापरून लगेच नष्ट करायचे, कारण ठेवून दिले तर त्यात स्फोटक पदार्थ तयार होऊ शकतो. ही शिस्त हाताला प्रयोगशाळेतच लागते. ऑनलाइन मदत कितीही चांगली झाली तरी कॉलेजची प्रात्यक्षिके बुडवण्याचे ते निमित्त होता कामा नये.

म्हणून विद्यार्थ्यांना सांगणे एवढेच. प्रश्न विचारण्याआधी दहा मिनिटे स्वतः झगडा. फोटो पाठवाल तो पूर्ण पानाचा पाठवा, खोडलेल्या ओळींसकट, कारण शिक्षकाला तुमची चूक तिथेच सापडते. उत्तर मिळाले की वही मिटा आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न न बघता पुन्हा सोडवा.

आणि खामगावच्या केमिस्ट्रीच्या शिक्षकांना, निवृत्त झालेल्यांनाही, कळकळीची विनंती. दर आठवड्याला एक प्रश्न घ्या. मराठीत बोला, पुस्तकातले इंग्रजी शब्द जसेच्या तसे ठेवा, फळ्यावर प्रत्येक बाण काढताना तो तिथूनच का निघतो ते सांगा, आणि मोबाइलवर टिपून मुलांना मोफत द्या. वर्षभरात पन्नास प्रश्न होतील. अकोल्याला जाऊ न शकलेल्या मुलामुलींसाठी ते पन्नास प्रश्न फार मोठा आधार ठरतील.