टिपेश्वरच्या वाघाला जंगल पुरत नाही

जगदंबेच्या दर्शनाला केळापूरला जाणारा भाविक आणि टिपेश्वर अभयारण्यातला वाघ पाहायला सुन्न्याला जाणारा पर्यटक नागपूरहून ४४ क्रमांकाच्या एकाच महामार्गाने येतात. पांढरकवड्याजवळ मुख्य रस्ता सोडला की कपाशी आणि तुरीची शेतं लागतात. त्यांच्यापलीकडे सागाच्या बुटक्या टेकड्या उभ्या असतात. सह्याद्रीसारखे कडे इथे नाहीत. अभयारण्यात पायी भटकायला परवानगीही नाही, गाडीतूनच फिरावं लागतं. तरीही टिपेश्वर पाहायलाच हवं, कारण वाघ जंगल का सोडतो, हे इथे फार स्पष्ट कळतं.

१९९७ मध्ये घोषित झालेलं हे अभयारण्य जेमतेम १४९ चौरस किलोमीटरचं आहे. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प याच्या अकरापटीहून मोठा. आतली टिपेश्वर आणि मारेगाव ही गावं बाहेर वसवली गेली. सोडलेल्या शेतांत गवत माजलं, गवतामागे चितळ-नीलगायी आल्या आणि वाघिणींची पिल्लं जगू लागली. गावकऱ्यांनी घरदार सोडलं म्हणून हे घडलं, हे सफारीतल्या प्रत्येकाला सांगितलं पाहिजे.

पण पिल्लं जगली की जागा कमी पडते. दीड ते तीन वर्षांच्या वयात वाघाची पिल्लं आईपासून वेगळी होतात. माद्या बहुधा आईच्या शेजारीच इलाखा मिळवतात, नर मात्र लांब जातात. त्यामुळे जवळच्या नात्यात प्रजनन टळतं. एका प्रौढ नराचा इलाखा अनेक ठिकाणी ५० चौरस किलोमीटरहून मोठा असतो. मग एवढ्याशा टिपेश्वरात तरुण नर राहणार कुठे?

याचं उत्तर एका वाघाने चालून दिलं. टिपेश्वरात २०१६ च्या अखेरीस जन्मलेल्या ‘सी-१’ या नराला फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावली गेली. त्या जूनमध्ये तो निघाला आणि विदर्भ, मराठवाडा व तेलंगण तुडवत डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. सरळ रेषेत हे अंतर अडीचशे किलोमीटरच्या आतबाहेर असेल. एप्रिल २०२० मध्ये कॉलर काढली, तोवर त्याची चाल तीन हजार किलोमीटरांवर गेली होती. लोक त्याला ‘वॉकर’ म्हणू लागले. कॉलरने टिपलेल्या पाच हजारांहून अधिक नोंदींमध्ये शेतं, नाले, रस्ते आणि वस्त्यांच्या कडा होत्या. तो झुडपात विसावलेला असताना आत शिरलेला एक माणूस जखमी झाला. त्यापलीकडे माणसाशी त्याचा संघर्ष नोंदला गेला नाही. ज्ञानगंगेत शिकार होती, वाघीण मात्र नव्हती.

डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिवच्या रामलिंग अभयारण्यात कॅमेऱ्यात वाघ आला, तोही टिपेश्वरचाच निघाला. कॉलर नसतानाही ओळख पटते ती पट्ट्यांवरून. दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात, एकाच वाघाची डावी-उजवी कूसही जुळत नाही. म्हणून कॅमेरे पायवाटेच्या दोन्ही अंगांना बांधतात.

वाघाच्या या वाटा ज्यांच्या शेतांतून जातात, त्या कोलामांच्या पोडांवरच्या (पाड्यांवरच्या) आणि गोंड वस्त्यांवरच्या माणसांना जागलीला जाताना जीव मुठीत धरावा लागतो. याच पांढरकवडा-राळेगाव पट्ट्यात १३ मृत्यूंशी नाव जोडलेली ‘अवनी’ वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी गोळीने मारली गेली. मोठं कुंपण घालून हा संघर्ष सुटणार नाही, कारण वाट बंद झाली तर कोंडलेला वाघ गावाच्या आणखी जवळ राहील. पेंचच्या जंगलात याच ४४ क्रमांकाच्या महामार्गाखाली प्राण्यांसाठी भुयारी वाटा ठेवल्या आहेत आणि त्यांतून वाघ ये-जा करताना कॅमेऱ्यांत दिसले आहेत. टिपेश्वरभोवतालचे झाडीचे नाले तसेच राखायला हवेत, रानडुकरांना रोखायला कुंपणात सोडलेला, वाघाच्याही जिवावर उठणारा वीजप्रवाह थांबायला हवा, आणि तो थांबवायचा तर पीकनुकसानीची भरपाई शेतकऱ्याला हंगाम सरण्याआधी मिळायला हवी.