काळा दगड, पांढरं काँक्रीट

बोपोडीच्या रस्त्याकडेला ट्रायपॉड उभा केला की प्रश्न ठरलेला: "काका, रुंदीकरणाची मोजणी आली का?" "नाही हो, पुलाचा फोटो काढतोय," म्हटलं की दुकानदाराचा जीव भांड्यात पडतो, आणि मग त्याला माझीच कीव येते.

पूल म्हणजे पुण्यात खडकीहून दापोडीकडे जाताना मुळा नदीवर लागणारा हॅरिस पूल. इंग्लंडच्या क्रिकेट संघाचे कप्तान आणि पुढे मुंबईचे गव्हर्नर झालेल्या लॉर्ड हॅरिस यांच्या नावाचा, दगडी, 1895चा. त्याच्या शेजारूनच 2023च्या ऑगस्टपासून मेट्रो नदी ओलांडते. (खडकीचं मेट्रो स्थानक उघडायला मात्र 2025 उजाडलं.) दोन्ही एका चौकटीत घ्यायचे म्हटले की पंचाईत होते. दगड काळा, काँक्रीट पांढरंफटक. मे महिन्याच्या उन्हात काँक्रीट बघून एक्स्पोजर धरलं तर कमानीखाली नुसतं डांबर. दगड बघून धरलं तर मेट्रोचे खांब आभाळात विरघळतात.

म्हणून मी पावसाळ्यातच जातो. पाण्याचे टॉवर आणि खाणींवरचे सांगाडे आयुष्यभर टिपणारं जर्मन जोडपं, बर्न्ड आणि हिला बेखर, मुद्दाम ढगाळ दिवस निवडायचं. ढगांमुळे सावल्या मऊ पडतात, आणि ओल्या दगडावर छिन्नीचे घाव उठून दिसतात. कॅमेरा मात्र समपातळीत हवा. वर उचलला की खांब एकमेकांकडे झुकलेच. आणि खडकी ही छावणी. 1869पासून इथे दारूगोळ्याचा कारखाना आहे. तसल्या भिंतींकडे लेन्स वळवायची नाही.

उरलेला अर्धा फोटो डार्करूममध्ये होतो. मल्टिग्रेड कागदावर आधी मऊ फिल्टर लावून काँक्रीटच्या करड्या छटा आणतो, मग कडक फिल्टरने दगडांचे सांधे. कमानीवर थोडा वेळ तारेला चिकटवलेली पुठ्ठ्याची चकती धरायची, म्हणजे तिथे प्रकाश कमी पडतो. चकती सतत हलती हवी, नाहीतर तिची कड उमटते. आभाळाला उलट जादा प्रकाश. संगणकावर हेच माउसने होतं, पण तिथे हात आवरत नाही. लोक सावल्या इतक्या उजळतात की बेसॉल्टची राख होते. कमानीखाली काळोख असतो, तो असू द्यावा.

शेवटचा धोका ट्रेमधला. पाण्यातली प्रिंट फसवी असते. सुकली की छटाभर गडद होते, आणि कमानीतले सांधे आधी बुडतात. म्हणून टेस्ट स्ट्रिप पूर्ण सुकवून, खिडकीच्या उजेडात बघायची आणि मगच मोठा कागद काढायचा.