धरण भरलं म्हणून वीज पिकत नाही

पावसाळ्यात वर्धा जिल्ह्यातल्या धनोडीला निम्न वर्धा प्रकल्पाचे दरवाजे उघडले की बघ्यांची गर्दी होते आणि हमखास कुणीतरी म्हणतं, "एवढं पाणी वाया चाललं, यावर वीज का नाही करत?" प्रश्न रास्त आहे. पण लघु जलविद्युत प्रकल्पात, म्हणजे 25 मेगावॅटपर्यंतच्या प्रकल्पात, पैसा घालण्याआधी चार गैरसमज दूर व्हायला हवेत.

गैरसमज 1 : पाणी भरपूर, तर वीजही भरपूर.
वस्तुस्थिती : वीज ठरते पाणी आणि उंची यांच्या गुणाकारावर. 10 मीटरवरून सेकंदाला 10 घनमीटर पाणी आलं, तर घट वजा जाता साधारण 800 किलोवॅट मिळतात. कोयनेच्या पहिल्या टप्प्यात ही उंची सुमारे 475 मीटर आहे. वर्ध्याच्या सपाट काळ्या रानात एवढा उतार आणायचा कुठून? शिवाय पुरात धरणाखालची नदीही फुगते आणि असलेली उंचीसुद्धा घटते.

गैरसमज 2 : यंत्र बसवलं की बारा महिने कमाई.
वस्तुस्थिती : वर्ध्यातली बोर आणि धाम ही धरणं सिंचनासाठी, पिण्याच्या पाण्यासाठी आहेत. कालव्याला पाणीपाळी सुटेल तेव्हाच टर्बाइन फिरणार. 1 मेगावॅटचा संच वर्षभर अखंड चालला तर सुमारे 87 लाख युनिट देईल. 30 टक्के क्षमतेने चालला तर 26 लाखच.

गैरसमज 3 : वीज केली की शेतीचं पाणी कमी होतं.
वस्तुस्थिती : टर्बाइन पाणी पीत नाही. त्यातून निघालेलं पाणी तसंच कालव्यात जातं. मात्र ते कधी सोडायचं, हे पीक ठरवतं, वीज नव्हे.

गैरसमज 4 : पाणी फुकट, धरण सरकारचं, मग जोखीम कसली?
वस्तुस्थिती : इंधनाचा खर्च नाही, पण बांधकाम आणि यंत्रांचा जवळजवळ सगळा खर्च आधीच करावा लागतो. दुष्काळी वर्षात वीज थांबते, बँकेचा हप्ता थांबत नाही. राज्याच्या 2005 च्या धोरणानुसार खासगी प्रकल्प 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' तत्त्वावर असतो आणि 30 वर्षांनी तो सरकारकडे जातो.

मग विदर्भात हे जमतच नाही का? जमतं. सातपुड्याच्या पायथ्याशी वाण धरणावर 1.5 मेगावॅटचा, तर शहानूरवर 750 किलोवॅटचा संच बसला आहे. तिथे डोंगराने उंची दिली. वर्ध्यात गुंतवणूक करायची असेल, तर भरलेल्या धरणाचा फोटो पाहून भुलू नका. आधी दहा वर्षांच्या पाणीपाळ्यांच्या नोंदी मागा.