मोठी भिंत, कापलेला कागद आणि खाली राहणारी माणसं

आम्ही दोघं भिंती रंगवतो, ब्रशने कमी आणि स्टेन्सिलने जास्त. आज दोन गोष्टी सांगायच्या आहेत. दोन मजली चित्र कापलेल्या कागदातून भिंतीवर कसं चढतं ही पहिली. आणि ते चढवण्याआधी कोणाकोणाला विचारायचं, ही दुसरी. पहिली गोष्ट सरावाने येते. दुसरी आम्ही चूक करून शिकलो, ती चूकही सांगणार आहोत.

आधी एक गैरसमज दूर करूया. स्टेन्सिल म्हटलं की लोकांना परदेशातलं काहीतरी वाटतं. पण गोणीवरचं नाव, रेल्वेच्या डब्यावरचे आकडे, निवडणुकीत भिंतीवर उमटणारी चिन्हं, हे सगळं आपण लहानपणापासून बघतोय. दारापुढे भोकाभोकांच्या छापातून रांगोळी काढतात, तेही तेच. मथुरा-वृंदावनकडे सांझीची परंपरा आहे. तिथे कागद कात्रीने इतका बारीक कापतात की त्यातून रंगाची भुकटी चाळली की अख्खा प्रसंग उमटतो. तत्त्व एकच: जिथे भोक आहे तिथे रंग जाईल, जिथे कागद आहे तिथे अडेल.

रस्त्यावरच्या चित्रांसाठी हे तत्त्व गाजलं पॅरिसमध्ये. ब्लेक ल रा या नावाने काम करणाऱ्या चित्रकाराने 1981 पासून तिथल्या भिंतींवर छोटे उंदीर छापायला सुरुवात केली. पुढे इंग्लंडमधल्या बँक्सीने हेच तंत्र उचललं. दोघांच्या दृष्टीने मोठा फायदा वेगाचा होता. कापण्याचं वेळखाऊ काम घरी होतं, रस्त्यावर मिनिटभर थांबलं तरी पुरतं. पण आकार वाढला की हा फायदा संपतो, हे लक्षात घ्या. पॅरिसमध्येच पाँपिदू सेंटरशेजारी जेफ एरोसोल या चित्रकाराने 2011 मध्ये ओठांवर बोट ठेवलेला स्वतःचा चेहरा रंगवला. सुमारे 350 चौरस मीटर. एवढं चित्र लपूनछपून होत नाही. परांची लागते, दिवस लागतात, परवानगी लागते. म्हणजे स्टेन्सिल मोठं झालं की तंत्र आणि नीती एकाच वेळी बदलतात.

आता तंत्राकडे येऊ.

पहिलं काम भिंत बघण्याचं. आपल्याकडे पावसाळा संपल्या संपल्या भिंत धरू नये. पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून एक दिवस ठेवा. आतून घाम धरला तर भिंतीत ओल आहे. लोणा लागलेला असेल, पोपडे सुटले असतील, तर खरवडून, ब्रशने घासून, प्रायमर मारल्याशिवाय पुढे जायचं नाही. नाहीतर सहा महिन्यांत तुमच्या चित्राचं नाक प्लॅस्टरसकट खाली येतं.

दुसरं काम फोटोचं. प्रकाश एका बाजूने पडलेला, सावल्या स्पष्ट असलेला फोटो हवा. तो संगणकावर तीन ते पाच छटांमध्ये मोडायचा. प्रत्येक छटेचा एक थर आणि प्रत्येक थराचं वेगळं स्टेन्सिल. जास्त थर म्हणजे जास्त चांगलं चित्र, असं अजिबात नाही. रस्त्यापलीकडून, चालत्या बसमधून बघणाऱ्याला तीन थरांचा चेहरा जास्त ठसठशीत दिसतो. आम्ही संगणकावरचं चित्र तिकिटाएवढं लहान करून बघतो. तिथे चेहरा ओळखू आला तर भिंतीवरही येणार.

मग येतात बेटं आणि पूल. ‘व’ हे अक्षर कार्डावर कापून बघा. पोटातला तुकडा निसटून खाली पडतो. ते बेट. त्याला बाकीच्या कागदाशी जोडून ठेवणारी बारीक पट्टी म्हणजे पूल. चेहऱ्यात अशी बेटं डोळ्यातल्या चमकेला, नाकपुडीजवळ, दातांत येतात. पूल सावलीच्या ओघात बसवला तर कळत नाही. कुठेही ठोकला तर गालावर टाक्यासारखा दिसतो.

हिशोब सांगतो. सहा मीटर बाय चार मीटरची भिंत घेऊ. एका माणसाला वाऱ्यात जेमतेम एक मीटर बाय एक मीटरचा तुकडा सांभाळता येतो. म्हणजे एका थराला 24 तुकडे, चार थरांना 96. प्रत्येक तुकड्यावर थर, ओळ आणि रकाना लिहायचा, आणि ‘वर’ कुठली बाजू तेही. हसू नका, आम्ही एकदा अख्खा कान उलटा छापलाय.

जुळणीसाठी भिंतीवर ओळंबा सोडून उभी रेघ आणि सूत मारून आडव्या रेघा आखायच्या. प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यात फुलीच्या खुणा कापायच्या. त्या चारही थरांत एकाच जागी हव्यात. पहिल्या ओळीत पाच मिलिमीटर चूक झाली तर शेवटच्या ओळीपर्यंत ती वाढत जाते. म्हणून प्रत्येक तुकडा शेजारच्या तुकड्यावरून नाही, भिंतीवरच्या रेघांवरून लावायचा.

रंगाचं म्हणाल तर तळाचा मोठा भाग रोलरने आणि बाहेरच्या भिंतीच्या इमल्शनने करा. 400 मिलीलिटरचा स्प्रेचा डबा साधारण दीड-दोन चौरस मीटरला पुरतो. सगळी भिंत स्प्रेने करायला गेलात तर दिवाळं निघेल. स्प्रे फक्त स्टेन्सिलसाठी. डबा वीस-तीस सेंटिमीटर लांब आणि भिंतीला सरळ धरायचा, हलके हात दोन-तीनदा फिरवायचे. एकदाच दाबून मारला की रंग कागदाखाली शिरतो आणि कड फुटते. वारा असेल तर थांबा. रंगाचा धूर खाली उभ्या स्कूटरवर बसतो आणि मग नीतीची चर्चा वेगळ्याच भाषेत होते.

आणि तोंडाला फडकं बांधून भागत नाही. ते धूळ अडवतं, द्रावणाची वाफ अडवत नाही. वाफेसाठीची डबी असलेला मास्क, आणि परांचीवर पूर्ण अंगाचा सुरक्षा पट्टा. यात काटकसर नको.

आता दुसरा भाग. भिंत कोणाची?

कायद्याचं उत्तर सोपं आहे. महाराष्ट्रात मालमत्तेचं विद्रूपीकरण रोखणारा 1995 चा कायदा आहे. मालकाची लेखी परवानगी घ्या. पण मालकाची सही हातात आली म्हणजे प्रश्न सुटला, असं नाही.

उलट्या बाजूनेही बघा. चित्र झाल्यावर ते कोणाचं? न्यूयॉर्कमधल्या फाइव्ह पॉइंट्झ या इमारतीवरची चित्रं मालकाने 2013 मध्ये एका रात्रीत पांढरी केली. इमारत त्याचीच होती. तरीही 2018 मध्ये न्यायालयाने 21 चित्रकारांना मिळून 67 लाख डॉलर भरपाई दिली. आपल्याकडे अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प सरकारने 1979 मध्ये काढून टाकलं. 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे कलाकृती विकली तरी तिच्याशी कलाकाराचं नातं संपत नाही, हे कायदा मानतो. इटलीतल्या ब्लू या चित्रकाराने तर 2016 मध्ये बोलोन्यातली स्वतःचीच चित्रं राखाडी रंगाने पुसली, कारण रस्त्यावरची चित्रं भिंतीवरून उतरवून प्रदर्शनात नेली जात होती.

मालक झाला, चित्रकार झाला. तिसरा माणूस या निकालांत कुठेच येत नाही. तो म्हणजे चित्राखाली रोज राहणारा.

आमची चूक तिथेच झाली. एका चाळीतल्या पोरांनी आम्हाला बोलावलं. सगळ्यांचे लाडके असे एक काका आदल्या वर्षी गेले होते. त्यांचा चेहरा गल्लीच्या तोंडाशी रंगवायचा होता. मालकाने सही दिली, मंडळाने वर्गणी काढली, पोरांनी फोटो दिला. पाच दिवसांत चेहरा उभा राहिला. लोकांनी नारळ फोडला, फोटो काढले. आम्ही खूश.

महिन्याभराने आम्ही तिथे गेलो तेव्हा शेजारच्या बाईंनी सांगितलं की काकू हल्ली मागच्या बोळातून बाजारात जातात. लांब पडतं, गुडघे दुखतात, तरी जातात. आम्ही त्यांच्या घरी गेलो. चहा दिला त्यांनी. म्हणाल्या, “पोरांनी प्रेमाने केलंय, मी कशी नको म्हणू? पण रोज एवढे मोठे डोळे माझ्याकडे बघतात हो. घरात फोटो आहे, तो पुरे आहे मला.”

आम्ही नऊ सह्या घेतल्या होत्या आणि ही एक घेतली नव्हती. घरच्यांना विचारलंय असं पोरांनी सांगितलं होतं. खरंच विचारलं होतं, पण काकूंच्या दिरांना.

पुसायचं ठरलं तेव्हा पोरं चिडली. एकजण रडला. त्याचंही दुःख खरं होतं, हे विसरू नका. आम्ही स्टेन्सिलचे तुकडे जपून ठेवले होते. काकूंना विचारून, त्याच फोटोवरून हातभर आकाराचं स्टेन्सिल नव्याने कापलं आणि मंडळाच्या खोलीत कॅरमबोर्डामागच्या भिंतीवर छापलं. बाहेरची भिंत आम्ही स्वतःच्या खर्चाने रोलरने पांढरी केली. दोन हात मारावे लागले, काळा रंग लवकर झाकत नाही.

तेव्हापासून आमची पद्धत बदलली. चेहरा जिवंत माणसाचा असेल तर त्याला फोटो नाही, भिंतीवरचा आकार दाखवून विचारतो. गेलेल्या माणसाचा असेल तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारतो, बैठकीत नाही. बैठकीत ‘नको’ म्हणणं अवघड असतं. कापण्याआधी तोच चेहरा कागदावर मोठा छापून आठवडाभर भिंतीला चिकटवून ठेवतो. मुंबईत 2017 च्या ससून डॉक आर्ट प्रोजेक्टमध्ये तिथल्याच मच्छीमारांचे मोठे छापील चेहरे लावले होते. कागद काढता येतो, ही त्याची मोठी सोय. आणि पुसण्याचा खर्च आम्ही पहिल्याच अंदाजपत्रकात धरतो.

वेळ संपत आलीय. तुमच्यापैकी कोणी भिंत धरणार असेल, तर कार्ड कापायला घेण्याआधी एक संध्याकाळ नुसतं त्या भिंतीसमोर बसा. कोण जातं, कोण थांबतं, कोणाची खिडकी समोर उघडते ते बघा. मग एकेकाच्या दाराशी जा. प्रश्न असतील तर विचारा, आम्ही थांबलोय.