दारचा गुलाब आणि उसाची सवय



उसाचे बिल हातात आले की आपल्याकडे पुष्कळ जण घर बांधायला काढतात. वस्तीवर स्लॅबचे घर उभे राहते, रंग लागतो आणि दारात लावायला नर्सरीतून पाच-सहा गुलाब येतात. दुसरा पावसाळा सरेपर्यंत त्यातले निम्मे काळे पडून वाळलेले असतात. "आमच्या रानात गुलाब येतच नाही," असे म्हणून घरधनी मोकळा होतो. खरे सांगायचे तर दोष मातीचा थोडा आणि आपल्या सवयीचा जास्त. आपण गुलाबाला उसासारखे वागवतो. कार्यालयापुढच्या बागेत आम्हीही तेच केले आणि पहिली बारा झाडे घालवली. त्यातून जे शिकलो ते येथे देत आहोत.

आधी आखणी, मग झाड

कागदावर घर, विहीर, गोठा, उकिरडा आणि गाडीवाट काढावी. ट्रॅक्टर-ट्रॉली वळेल एवढी जागा आधी सोडावी, नाहीतर पहिल्याच हंगामात फुलझाडे चाकाखाली जातात. पश्चिमेला कडुनिंबासारखे सावलीचे झाड लावावे, म्हणजे उन्हाळ्यात दुपारनंतर भिंती तापत नाहीत. मात्र ते घरापासून १५-२० फूट लांब असावे आणि वर विजेची तार नसावी. मोरीचे पाणी केळी, अळू, नारळ यांना द्यावे. साबणाचे पाणी गुलाबाला नको.

गुलाबाला पूर्वेची मोकळी जागा ठेवावी. दिवसाकाठी निदान ६ तास ऊन हवे. सकाळचे ऊन पानांवरचे दव लवकर वाळवते. ओल फार वेळ टिकली तर पानांवर काळे ठिपके पडतात आणि पाने गळतात.

पाण्याची परीक्षा

लावणीआधी दीड फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन तो पाण्याने भरावा. सकाळी त्यात पाणी दिसले तर तिथे सपाट जमिनीत गुलाब लावू नये. आपल्या काळ्या रानात बहुतेक असेच होते. तिथे ९ इंच ते १ फूट उंच गादीवाफा करून माती, कुजलेले शेणखत व वाळू मिसळून भरावी. दोन झाडांत अडीच-तीन फूट अंतर ठेवावे. कारखान्याचा प्रेसमड वापरायचा तर पुरता कुजलेलाच वापरावा. कच्चा प्रेसमड तापतो व मुळ्या भाजतात. शेणखतात हुमणीच्या अळ्या नाहीत ना, हेही चाळून पाहावे.

उसाला चालते, गुलाबाला नाही

पहिली गोष्ट बांधणीची. उसाला मोठी बांधणी करून बुडाशी माती चढवतो. गुलाबाचे कलम म्हणजे खुंटावर भरलेला डोळा. तो सांधा मातीच्या वर उघडा राहिला पाहिजे.

दुसरी गोष्ट फुटव्यांची. उसात फुटवा म्हणजे धन. गुलाबात मात्र सांध्याखालून आलेला फुटवा खुंटाचा, रानटी असतो. तो जोमाने वाढतो, आपण कौतुकाने पाहतो आणि वरचे कलम उपाशी मरते. असा फुटवा दिसताच बुडातून काढावा.

तिसरी गोष्ट युरियाची. मूठभर युरियाने पाला लुसलुशीत होतो, पण त्यावर मावा व भुरी धावून येते. शेणखत, निंबोळी पेंड यावर भागवावे. भुरी दिसली तर पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम घेऊन सकाळी किंवा सायंकाळी फवारावे, भर उन्हात नको.

चौथी गोष्ट पाण्याची. वरची दोन बोटे माती कोरडी झाल्यावरच पाणी द्यावे, तेही बुडाशी. पाचटाचे आच्छादन मात्र उसासारखेच इथेही उपयोगी, फक्त खोडाला भिडवू नये.

छाटणी

पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यास छाटणी करावी. वाळक्या, रोगट व एकमेकींत अडकणाऱ्या फांद्या काढाव्यात. राहिलेल्या फांद्या बाहेरच्या बाजूस तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर तिरप्या कापाव्यात. शेंड्याकडून काळी पडत आलेली फांदी आत पांढरे-हिरवे लाकूड लागेपर्यंत कापावी, अर्धवट कापली तर मर खाली उतरते. कापावर बोर्डो पेस्ट लावावी. त्यासाठी १०० ग्रॅम मोरचूद व १०० ग्रॅम कळीचा चुना वेगवेगळे अर्धा-अर्धा लिटर पाण्यात भिजवून मग एकत्र करावेत. भांडे प्लॅस्टिकचे किंवा मातीचे घ्यावे, लोखंडाचे नको. साधारण दीड महिन्यात, म्हणजे गळीत हंगाम रंगात असताना, दारी फूल येते.

कुणी म्हणेल, उसाच्या पत्रिकेत फुलाचे काय काम? भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक डॉ. बी. पी. पाल हे गव्हाचे मोठे शास्त्रज्ञ, आणि त्यांनीच गुलाबाचे कितीतरी नवे वाण काढले. पिकाकडे बघायचे डोळे एकच असतात.

आणि एक गोष्ट गुलाब आपल्याला फुकट सांगतो. नवी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, की समजावे चुनखडीच्या रानात पाणी तुंबले आहे. उसावर पडतो तो केवडा हाच. सांगली-कोल्हापुरात कृष्णाकाठची कितीतरी रानं भरमसाट पाण्याने क्षारपड झाली. त्याला वर्षे लागली, म्हणून वेळेवर कुणाच्या ध्यानात आले नाही. तीच चूक दारचा गुलाब दोन-चार महिन्यांत दाखवतो. तेव्हा गुलाब पिवळा पडला तर त्याला खत घालण्याआधी उसाच्या सरीत जाऊन टाचेने माती दाबून पाहावी. पाणी वर आले, तर त्या दिवशी मोटर चालू करू नये.