सोयगावचे ४० आणि मुंबईचे ३४

अजिंठ्याच्या डोंगररांगेखाली, खानदेशाच्या बाजूला वसलेल्या सोयगावात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. तिथला माणूस ३४ अंशांच्या मुंबईत उतरला, की घामाघूम होऊन म्हणतो, ‘गावाकडचं ऊन परवडलं!’ यात अतिशयोक्ती फारशी नाही. त्वचेतले मज्जातंतू हवेचं नव्हे, त्वचेचंच तापमान आणि त्यातला बदल टिपतात. कोरड्या हवेत घाम झटकन उडतो आणि जाताना अंगातली उष्णता नेतो. मुंबईत तो नुसता ओघळत राहतो. पाण्याचा कूलर गावी गारवा देतो आणि मुंबईत चिकचिक वाढवतो, तो याच कारणाने.

मात्र त्वचा असते साधारण ३३-३४ अंशांवर. हवा त्याहून तापली की वारा उलट उष्णता आणून अंगावर ओततो. दुपारची झळ ती हीच, म्हणून डोक्याला रुमाल हवा.

डिसेंबरच्या पहाटे दाराची लोखंडी कडी लाकडी फळीपेक्षा गार लागते. तापमान दोन्हींचं एकच. लोखंड हाताची उष्णता भराभर ओढून घेतं, इतकंच.

मिरचीने तोंड ‘भाजतं’, ते तर तापमान न वाढताच. सुमारे ४३ अंशांना जागी होणारी मज्जातंतूंवरची प्रथिनं तिखटानेही जागी होतात. या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं.

हवामान खातंही सगळ्यांना एकच आकडा लावत नाही. उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानात ४०, किनाऱ्यावर ३७ आणि डोंगराळ भागात ३० अंशांपासून सुरू होतो.