सोळा तासांचा जलसा आणि हबशाचा दुष्काळ

तरावीहची नमाज आटोपून घरी आले की तरुण मुलांच्या हातात मोबाइल येतो. नात, कव्वाली, क्रिकेटचे जुने सामने, सगळे एकामागून एक सरकत राहते. त्यात एक तुकडा अधूनमधून येतोच. पांढऱ्या बनियनमधला मिशीवाला गायक, हातात माइकचा अर्धा दांडा. तो नुसती एक तान फेकतो आणि समोरची बहात्तर हजार माणसे ती जशीच्या तशी परत करतात. मुलांना गायकाचे नाव ठाऊक असते, फ्रेडी मर्क्युरी. २०१८ मध्ये आलेल्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या सिनेमाचा शेवटही याच प्रसंगावर आहे. पण तो जलसा कशासाठी भरला होता, हे विचारले की बहुतेक जण गप्प होतात. रमजानच्या पानावर या विलायती गाण्याचे काय काम, असे काही वाचकांच्या मनात येईल. काम आहे, कारण तो जलसा भुकेसाठी होता.

तारीख १३ जुलै १९८५, शनिवार. त्या वर्षीची रमजान ईद होऊन तीनेक आठवडे झाले होते. लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर दुपारी बारा वाजता ‘लाइव्ह एड’ सुरू झाला, तेव्हा आपल्याकडे साडेचार वाजले होते. काही तासांनी अटलांटिकपलीकडे फिलाडेल्फियाच्या मैदानातही गाणे सुरू झाले आणि उपग्रहांच्या मदतीने दोन्ही ठिकाणचा कार्यक्रम जगभरच्या टीव्हीवर थेट दिसू लागला. सगळा मिळून सोळा तासांचा मामला. दीडशे देशांत दीडशे-पावणेदोनशे कोटी लोकांनी तो पाहिला असे सांगतात. हा आकडा अंदाजाचा आहे, कोणी घरोघर जाऊन डोकी मोजलेली नाहीत.

थेट प्रक्षेपण म्हटले की फजितीही आलीच. ‘द हू’ हा नामांकित वाद्यवृंद गात असताना चित्रच गेले. पॉल मॅकार्टनी पियानोवर बसले आणि माइक बंद; पहिली काही मिनिटे लोकांना त्यांचे ओठ तेवढे हलताना दिसले. फिल कॉलिन्स लंडनमध्ये गाऊन कॉन्कॉर्ड विमानाने अमेरिकेला गेले आणि त्याच दिवशी तिथेही मंचावर उभे राहिले. हा प्रकार मला आजही गंमतीचा वाटतो, त्यापलीकडे त्यात फार काही नाही.

फ्रेडीच्या ‘क्वीन’ची पाळी आली तेव्हा लंडनमध्ये संध्याकाळचे पावणेसात होत आले होते. वाट्याला आली जेमतेम एकवीस मिनिटे. काहींनी आपले नवे काही ऐकवायचा प्रयत्न केला. यांनी मात्र आपल्या गाजलेल्या गाण्यांचे तुकडे जोडून, आधी कसून तालीम करून, घड्याळ लावून गायले. मैदानातला शेवटचा माणूसही गाण्यात सामील झाला पाहिजे, एवढा एकच हिशेब. महाराष्ट्राने हेही लक्षात ठेवावे की हा गायक मूळचा फारूख बलसारा. झांझिबारमध्ये पारशी घरात जन्मलेला आणि आपल्या सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वाढलेला मुलगा. पियानो आणि शाळेतल्या पोरांचा पहिला बँड, दोन्ही पाचगणीचे.

पण या जलशाची खरी सुरुवात गाण्यातून झालेली नव्हती. ती नऊ महिने आधी, २३ ऑक्टोबर १९८४ च्या बातम्यांत झाली. इथिओपियाच्या उत्तरेला कोरेम नावाचे गाव आहे. तिथल्या पहाटेच्या धुक्यात, उघड्या माळावर हजारो उपाशी माणसे बसलेली आणि त्यांच्यामध्ये कापडात गुंडाळलेली प्रेते. बीबीसीचे बातमीदार मायकेल ब्युर्क यांचा तो वृत्तांत सातेक मिनिटांचा होता. पुढे जगातल्या चारशेहून अधिक वाहिन्यांनी तो दाखवला. आयर्लंडचा गायक बॉब गेल्डॉफ याने तो घरी बसून पाहिला आणि त्यातून आधी एक मदतगीत आणि मग हा जलसा उभा राहिला.

ती दृश्ये ज्याने टिपली, त्याचे नाव फार थोड्यांना आठवते. मोहम्मद अमीन. नैरोबीत जन्मलेला, मुळे पंजाबातली. वडील रेल्वेच्या कामासाठी आफ्रिकेत आलेले. मक्केची, हजची छायाचित्रे काढून त्याने पुस्तक केले होते. आफ्रिकेतली युद्धे, बंडे आणि दुष्काळ टिपण्यात त्याचे आयुष्य गेले. कोरेममध्ये त्याचा कॅमेरा संथ फिरतो, घाई करत नाही, कोणाच्या तोंडावर उगाच जाऊन आदळत नाही. जगाने पैसे दिले ते गाण्यामुळे की या माणसाच्या डोळ्यामुळे, असे मला कोणी विचारले तर मी दुसऱ्या बाजूने बोट वर करीन.

त्याचा पुरावा जलशातच आहे. गाणे सुरू होऊन सात तास झाले तरी जमा रक्कम १२ लाख पौंडांच्या आसपासच होती. लोक नाचत होते, गात होते, खिशात हात घालत नव्हते. गेल्डॉफ बीबीसीच्या कॅमेऱ्यासमोर भडकला आणि आत्ताच्या आत्ता पैसे पाठवा म्हणून ओरडला. त्याच संध्याकाळी डेव्हिड बोवी हा मोठा गायक मंचावर आला. त्याने आपले एक गाणे सोडून दिले आणि तो वेळ कॅनडाच्या सीबीसी वाहिनीने जोडलेल्या एका चित्रफितीला दिला. पडद्यावर दुष्काळातली मुले. मैदान गार पडले. त्यानंतर फोन खणखणायला लागले. दिवसातली सर्वांत मोठी एकरकमी देणगी, १० लाख पौंड, दुबईच्या राजघराण्याकडून आली. पुढे एकूण आकडा ४ कोटी पौंडांच्या घरात गेला असे त्या काळी सांगितले गेले.

आता आपल्या घरातला प्रश्न. आपल्याकडे म्हण आहे, या हाताचे त्या हाताला कळू नये. कुरआनातही सदक्याविषयी हाच भाव आहे, मात्र तो थोडा उलगडून आहे. उघडपणे दिलेले दान चांगलेच, पण गुपचूप गरजवंताच्या हाती पोहोचवलेले अधिक चांगले. उघड दानाला बंदी नाही, हे आपल्यातले काही जण विसरतात. एका घराची चूल पेटवायची तर गुपचूप पाकीट पुरते. अख्ख्या मुलखाला धान्य पोहोचवायचे तर जहाजे लागतात, ट्रक लागतात, आणि त्यासाठी हाकाटी करावीच लागते. लाइव्ह एडची हाकाटी मला म्हणून गैर वाटत नाही. रोजा आपल्याला भूक समजावतो खरा, पण आपल्या भुकेला मगरिबची वेळ ठरलेली असते. दस्तरखानावर खजूर वाट पाहत असतो. कोरेमच्या माळावर ती वेळ नव्हती. हा फरक गाण्याने कळत नाही, पाहिल्यावर कळतो.

खटकते ते दुसरेच. त्या चित्रफितीत तीनेक वर्षांच्या एका मुलीचा चेहरा होता, मरणाच्या दारातला. तिच्यासाठी कबर खणून झाली होती. ती वाचली. बिरहान वोल्दू तिचे नाव. ती शिकली, शेतीशास्त्राची विद्यार्थिनी झाली आणि २००५ मध्ये लंडनच्या ‘लाइव्ह ८’ जलशात मंचावर उभी राहिली. चांगले झाले, डोळे भरून आले. पण तो चेहरा जगभर दाखवताना तिला कोणी विचारले नव्हते; विचारण्यासारखी परिस्थितीही नव्हती. त्या माळावर निदान जीव वाचवण्याची घाई होती. आपल्या गावात रमजानमध्ये रेशन किट वाटताना, दिवाळीत फराळ वाटताना, कशाची घाई असते? एक पिशवी, तिला धरलेले सात हात, मध्ये मान खाली घातलेली एक बाई, आणि दुसऱ्या दिवशी तो फोटो सगळ्या गटांवर. यात कोणताच समाज मागे नाही.

आणखी एक गोष्ट त्या पडद्यावर आली नाही. दुष्काळ नुसता पावसाने पाडलेला नव्हता. इथिओपियात मेंगिस्तूची लष्करी राजवट होती, उत्तरेत बंडखोरांशी लढाई चालू होती. माणसे मरत असताना, सप्टेंबर १९८४ मध्ये, राजधानीत क्रांतीची दहा वर्षे थाटामाटात साजरी झाली. उत्तरेतल्या लाखो लोकांना सक्तीने दूर दक्षिणेकडे हलवण्यात आले. त्याविरुद्ध बोलल्याबद्दल फ्रान्सच्या डॉक्टरांच्या संघटनेला डिसेंबर १९८५ मध्ये देशाबाहेर काढले गेले. इतर मदत संस्थांपैकी बऱ्याच जणी गप्प राहिल्या. धान्य पोहोचवायचे तर सरकारशी वैर परवडत नाही, हे त्यांचे उत्तर. ते खोटे म्हणता येत नाही, पण पचतही नाही. पुढे २०१० मध्ये मदतीचा पैसा बंडखोरांनी शस्त्रांकडे वळवल्याच्या बातम्या बीबीसीने दिल्या. त्यात गेल्डॉफच्या संस्थेचे नाव ओढले गेल्याबद्दल बीबीसीने त्याच वर्षी माफीही मागितली.

हिशेबाची अडचण त्याआधीच्या जलशालाही आली होती. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशासाठी मैफल केली. सरोदवर अली अकबर खाँ, तबल्यावर अल्लारखा. अली अकबरांचे वडील आणि रविशंकरांचे गुरू बाबा अल्लाउद्दीन खाँ यांचे गाव आजच्या बांगलादेशातच, म्हणजे दुःख घरचे होते. वाद्ये जुळवून झाल्यावरच श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला, हा किस्सा सर्वांना माहीत आहे. त्या मैफलीची ध्वनिमुद्रिका आणि सिनेमा यांतून आलेल्या पैशांपैकी बराच भाग अमेरिकी करखात्याच्या कचाट्यात वर्षानुवर्षे अडकून पडला, हे कमी लोकांना माहीत आहे. जकात काढताना आपण अडीच टक्के चोख मोजतो. ती कोणाच्या हाती पडली, हे पाहायला मात्र आपल्यालाही फुरसत नसते.

त्या १९८४ च्या मदतगीताने विचारले होते की तिकडच्या लोकांना आज नाताळ आहे हे ठाऊक तरी आहे का. इथिओपियात ख्रिस्ती धर्म सोळा-सतराशे वर्षांपासून आहे आणि तिथला नाताळ जानेवारीत येतो. इस्लामच्या इतिहासात तर हा देश हबश म्हणून आदराने घेतला जातो. मक्केत छळ सुरू झाला तेव्हा पैगंबरांच्या पहिल्या अनुयायांना तिथल्या ख्रिस्ती राजाने, नज्जाशीने, आसरा दिला होता. आपला मलिक अंबर तिथलाच, जंजिऱ्याचे हबशीही त्याच बाजूचे. ज्यांनी एकेकाळी निर्वासितांना जेवू घातले, त्यांची ओळख जगाला एका सायंकाळी पसरलेल्या हातांनी झाली.

मोहम्मद अमीनचा डावा हात १९९१ मध्ये अदिस अबाबात दारूगोळ्याच्या स्फोटात गेला. कृत्रिम हात लावून त्याने पुन्हा कॅमेरा उचलला. २३ नोव्हेंबर १९९६ रोजी तो इथिओपियन एअरलाइन्सच्या विमानाने नैरोबीला घरी निघाला होता. विमानाचे अपहरण झाले, इंधन संपले आणि ते कोमोरोस बेटांजवळ समुद्रात कोसळले. शेवटच्या क्षणापर्यंत तो उभा राहून अपहरणकर्त्यांशी बोलत होता, असे वाचलेल्यांनी सांगितले. वय ५३. क्वीनची ती एकवीस मिनिटे यूट्यूबवर सगळ्यांना सापडतात. कोरेमची सात मिनिटेही सापडतात, फक्त नाव टाइप करून शोधावी लागतात.